देणारे मोजले, घेणारे राहिले

शेगावच्या गजानन महाराज संस्थानातला सेवाधारी लांबूनच ओळखू येतो. तो दर्शनबारी सांभाळतो, महाप्रसादाची ताटं उचलतो, चुकलेल्या म्हातारीला हात धरून तिच्या माणसांकडे पोचवतो. यातले बरेच जण अकोला, अमरावती, बुलढाणा भागातले शेतकरी, नोकरदार, दुकानदार. नाव नोंदवून नंबर लागायची वाट पाहतात, ठरलेले दिवस सेवा करतात आणि मोबदला न घेता घरी परततात. अशा एखाद्याच्या घरी राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाचा माणूस गेला आणि काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलं ते अर्ध्या-अर्ध्या तासाच्या हिशेबानं विचारू लागला, तर सेवेचे तास कुठल्या रकान्यात पडतील? २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या लोकांपैकी फक्त २.४ टक्के जणांच्या दिवसात बिनपगारी स्वयंसेवा आढळली, आणि त्यातही बिनपगारी उमेदवारी करणारे धरलेले आहेत. दुसरा एक रकाना आहे गाठीभेटी, सामूहिक सहभाग आणि धार्मिक आचरण यांचा. त्यात ९१.३ टक्के लोक आहेत. सेवाधारी आपल्या कामाला महाराजांची सेवाच म्हणणार. मग त्याचे आठ तास या रकान्यात की त्या, हे लिहून घेणाऱ्याच्या समजुतीवर राहतं.

दान आणि सेवा यांवरच्या सामाजिक संशोधनाचा आढावा वऱ्हाडातून घ्यायचा म्हटलं की ही अडचण पहिल्या पावलालाच लागते. हा गाडगेबाबांचा आणि तुकडोजी महाराजांचा प्रदेश. इथे सप्ता बसला की गावजेवण होतं, रोडग्याच्या पंगती उठतात, वर्गणीच्या वहीत मजुराचंही नाव असतं. तरीही अमरावती किंवा अकोला जिल्ह्यात कोण किती देतं, कशासाठी देतं आणि दिलेलं कुणाच्या उपयोगी पडतं, हे सांगणारा भरवशाचा आकडा हाताशी नाही. देशाच्या पातळीवर आकडे आहेत, जगाच्या पातळीवर क्रमवारी आहे, माणसाच्या मनाविषयी प्रयोग आहेत. हे सगळं वाचल्यावर माझं एक मत पक्कं झालं आहे: संशोधनानं देणाऱ्याला फार बारकाईनं न्याहाळलं आणि घेणाऱ्याला जवळजवळ काहीच विचारलं नाही. वऱ्हाडातल्या ज्या माणसांनी या क्षेत्रात मोठं काम केलं, ती मात्र घेणाऱ्यापासून सुरुवात करत आली.

आधी क्रमवारीचं पाहू, कारण बातम्यांत तीच येते. ब्रिटनमधली चॅरिटीज एड फाउंडेशन ही संस्था २०१० पासून जागतिक दानशीलता निर्देशांक काढत आली. त्यासाठी तीन प्रश्न विचारले जात: गेल्या महिन्यात अनोळखी माणसाला मदत केली का, पैसे दिले का, एखाद्या संस्थेसाठी वेळ दिला का? पहिल्या वर्षी भारताचा क्रमांक १३४ वा होता आणि २०२१ च्या अहवालात आपण १४ व्या जागी पोचलो. अकरा वर्षांत देशाचं मन इतकं पालटलं, यावर माझा विश्वास नाही. कोरोनाच्या वर्षात लोकांनी एकमेकांना सावरलं हे खरंच, पण प्रश्न तेच ठेवून काळ बदलला की उत्तर किती हलतं, याचाच हा दाखला आहे. ‘गेल्या महिन्यात’ ही मर्यादा तर वऱ्हाडाला मुळीच मानवणारी नाही. इथलं देणं पिकावर चालतं. सोयाबीन-कापसाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे हातात येतात आणि भागवत सप्ते, भंडारे, वर्गण्या त्यानंतर सुरू होतात. जूनमध्ये, बियाणं-खतासाठी उधारी चालू असताना, बार्शीटाकळीच्या शेतकऱ्याला हा प्रश्न विचारला तर तो कंजूष ठरेल. जानेवारीत विचारा, तोच दानशूर निघेल.

अशोका विद्यापीठातल्या केंद्रानं २०२०-२१ साठी केलेला ‘हाऊ इंडिया गिव्ह्ज’ हा अभ्यास याहून कितीतरी भक्कम आहे. या पाहणीनुसार ८७ टक्के कुटुंबांनी वर्षभरात काही ना काही दिलं आणि त्याची बेरीज सुमारे २३,७०० कोटी रुपये होते. त्यातले ६४ टक्के धार्मिक संस्थांकडे गेले. हा आकडा आला की शहरी वाचक हळहळतो की सगळं देवळातच गेलं. ही हळहळ अर्धवट माहितीतून येते. शेगावला दिलेल्या देणगीतून शाळा, अभियांत्रिकी महाविद्यालय, दवाखाने आणि आदिवासी भागातलं काम चालतं. पाहणीच्या लेखी मात्र तो पैसा ‘धार्मिक’ झाला की तिथेच थांबतो, पुढे त्याचं काय झालं हे कुणी पाहत नाही. अर्थात सगळीच देवस्थानं शेगावसारखी नाहीत. ज्या गावात सभामंडपाला संगमरवर बसतो आणि अंगणवाडीचं छत गळतं, तिथे लोकांनी प्रश्न विचारायलाच हवा. पण विचारण्यासाठी आधी पैसा कुठवर गेला ते माहीत असावं लागतं.

संस्थांच्या बाजूनं मोजायला जावं तर तिथेही गोंधळच आहे. केंद्रीय सांख्यिकी संघटनेनं देशातल्या ना-नफा संस्थांची मोजदाद केली तेव्हा नोंदणीच्या दप्तरात ३१.७ लाख संस्था होत्या. प्रत्यक्ष शोध घेतल्यावर पत्त्यावर सापडल्या सुमारे ७ लाख. बाकीच्यांत पुष्कळशा बंद पडलेल्या, स्थलांतर केलेल्या किंवा केवळ कागदावरच्या. उलट आमच्याकडचं एखादं कावड मंडळ घ्या. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन अकोल्याच्या राजराजेश्वराला येणारी मंडळं आणि त्या वाटेवर रात्रभर चहा-फराळ घेऊन उभे असलेले लोक यांतले किती जण धर्मादाय आयुक्तांच्या दप्तरात असतील? जे दप्तरात आहे ते गावात नाही आणि जे गावात आहे ते दप्तरात नाही.

माणूस का देतो, या प्रश्नावर मात्र विद्वानांनी शंभर वर्षं घालवली आहेत. मार्सेल मोस या फ्रेंच अभ्यासकानं १९२५ मध्ये मांडलं की फुकट भेट अशी नसतेच. देणं, घेणं आणि परत करणं ही तिन्ही बंधनं एकाच दोरीत गुंफलेली असतात. जोनाथन पॅरी यांनी १९८६ मध्ये काशीच्या पुरोहितांच्या अभ्यासावरून त्याला दुरुस्ती सुचवली: आपल्याकडच्या दानात परतफेड अपेक्षित नसते, पण घेणाऱ्याच्या माथी देणाऱ्याचं पाप येतं अशी धारणा असते. अर्थशास्त्रज्ञ जेम्स आंद्रेओनी यांनी १९८९-९० च्या सुमारास दाखवलं की देणाऱ्याला देण्यातून स्वतःलाच समाधान मिळतं, आणि त्या समाधानाचा दान कुठे उपयोगी पडलं याच्याशी फारसा संबंध नसतो. २००७ मधल्या एका अमेरिकी प्रयोगात एका भुकेल्या मुलीचा फोटो दाखवला तेव्हा लोकांनी सढळ हातानं दिलं. लाखो उपाशी लोकांची आकडेवारी दाखवली तेव्हा हात आखडला. दोन्ही एकत्र दाखवलं तरी आखडलाच.

हा शेवटचा निष्कर्ष वाचताना मेळघाट डोळ्यांसमोर आल्याशिवाय राहत नाही. १९९३ मध्ये धारणी-चिखलदऱ्यातल्या कोरकू मुलांच्या कुपोषणाच्या आणि मृत्यूंच्या बातम्या राज्यभर गाजल्या. त्यानंतर कित्येक वर्षं हाडं दिसणाऱ्या बाळाचा फोटो हीच मेळघाटाची ओळख झाली. फोटो पाहून कपडे, बिस्किटं, दूधपावडर घेऊन गाड्या वर चढल्या. देणाऱ्यांची कळकळ खरी होती. पण बाळ मरत होतं न्यूमोनियानं, जुलाबानं, जन्मतःच वजन कमी असल्यानं, आणि सर्वांत जास्त पावसाळ्यात, म्हणजे रस्ते तुटलेले आणि गाडी वर चढणार नाही अशा वेळी. १९९७ पासून पुण्याच्या ‘मैत्री’ संस्थेनं नेमका हाच काळ धरला. ऐन पावसाळ्यात दहा-दहा दिवसांसाठी स्वयंसेवकांच्या तुकड्या पाठवायच्या, गावात मुक्काम करायचा, घरोघरी जाऊन आजारी मूल शोधायचं. या धडक मोहिमेत फोटोला फारशी जागा नव्हती, कॅलेंडरला होती. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी तर आयुष्यच तिथे काढलं. २०१९ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. धारणी भागात डॉ. आशिष आणि डॉ. कविता सातव यांच्या ‘महान’ संस्थेनं आणखी एक गोष्ट केली, जी या आढाव्याच्या दृष्टीनं मला फार मोलाची वाटते. त्यांनी गावातल्याच बायकांना शिकवून आरोग्यसेविका केलं, जन्म-मृत्यूंची नोंद ठेवली आणि उपचार पोचलेल्या गावांची इतर गावांशी तुलना करून निष्कर्ष वैद्यकीय नियतकालिकांत छापले. इथे मोजमाप सुरू होतं ते मूल जगलं का या प्रश्नापासून. देणगीदाराला किती बरं वाटलं, हा प्रश्नच तिथे येत नाही.

अशी दृष्टी वऱ्हाडात आली कुठून? मला वाटतं तिचं मूळ अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात १८७६ साली जन्मलेल्या आणि मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामाच्या घरी वाढलेल्या डेबूजी झिंगराजी जानोरकरांकडे जातं. गाडगेबाबांवर भक्तिभावानं पुष्कळ लिहिलं गेलंय, पण दानाचे अभ्यासक म्हणून त्यांच्याकडे कुणी पाहिलेलं नाही. मामाची जमीन सावकारानं गिळली ते त्यांनी तरुणपणी पाहिलं होतं. घर सोडल्यावर १९०८ च्या सुमारास ऋणमोचनला पूर्णेच्या काठी, चिखलातून घसरत नदीला जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी त्यांनी घाट बांधायला घेतला. यात्रेला येणारा पुण्यासाठी पैसे टाकत होता, आणि बाबांनी तेच पैसे त्याच्या पायाखालच्या पायरीत घातले. पुढे पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू इथे धर्मशाळा झाल्या. या धर्मशाळा कुणासाठी, हे नीट पाहण्यासारखं आहे. पंढरपुरात अस्पृश्य वारकऱ्याला कुठेच टेकायला जागा नव्हती, म्हणून चोखामेळा धर्मशाळा बांधली; ती इमारत १९४९ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला दिली. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळा बांधली ती रुग्णासोबत आलेल्या आणि फुटपाथवर झोपणाऱ्या गावाकडच्या नातेवाइकांसाठी. रुग्णालयाला देणगी देणारे पुष्कळ होते. रुग्णाची बायको रात्री कुठे झोपते, हे विचारणारा एकच निघाला.

बाबा स्वतः गावात शिरले की आधी खराटा हाती घेत. झाडलोट झाली की मग भाकरी मागत. काम न करता मिळालेलं अन्न घेणाऱ्याला लहान करतं, हे त्यांना कुठलाही ग्रंथ न वाचता कळलं होतं. पॅरींनी काशीत टिपलेला प्रश्न, घेणाऱ्याच्या माथी काय येतं हा, बाबांनी आपल्या पद्धतीनं सोडवून टाकला होता. सगळं उभं करून त्यांनी ते विश्वस्तांच्या हवाली केलं आणि आपल्याच धर्मशाळेतलं अन्न स्वतः खाल्लं नाही. १९५६ च्या २० डिसेंबरला वलगावजवळ त्यांनी देह ठेवला. आज त्यांच्या नावाचं विद्यापीठ अमरावतीत आहे. त्या विद्यापीठात दान आणि सेवा यांच्या अभ्यासाचा एखादा कायमचा विभाग असायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.

दानाची दुसरी बाजू वऱ्हाडाच्या बाजारात सापडते. कापसाच्या व्यापारामुळे इथे बाजाराचं नियमन देशात सर्वांत आधी आलं. १८८६ मध्ये कारंजा इथे, म्हणजे पूर्वीच्या अकोला आणि आताच्या वाशीम जिल्ह्यात, पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. नियमनाची गरज पडली याचं एक कारण म्हणजे विक्रेत्याच्या हिशेबातून होणाऱ्या नाना कपाती. अनियंत्रित बाजारांत तोलाई-हमालीच्या जोडीला धर्मादायही कापला जाई, कधी गोशाळेच्या नावानं, कधी देवळाच्या. शाही कृषी आयोगानं १९२८ च्या अहवालात अशा कपातींची दखल घेतली आहे. धर्मशाळेवर दगडी पाटी व्यापाऱ्याची लागायची, पैसा मात्र शेतकऱ्याच्या गाडीतून गेलेला असायचा. सगळे व्यापारी असेच होते असं मी म्हणत नाही. या भागातल्या मारवाडी, गुजराती, कच्छी घराण्यांनी स्वतःच्या गाठीचंही भरपूर दिलं आहे. पण दाता कोण, हे पावतीवरच्या नावावरून ठरवणाऱ्या पाहणीला हा इतिहास माहीत असायला हवा.

आजची तीच गोष्ट श्रमदानात दिसते. तुकडोजी महाराजांनी १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम स्थापला, आणि गुरुदेव सेवा मंडळांनी ग्रामसफाई, सामुदायिक प्रार्थना, श्रमदान यांची घडी गावोगावी बसवली. म्हणूनच २०१६ मध्ये पानी फाउंडेशननं वॉटर कप स्पर्धेसाठी पहिले तीन तालुके निवडले, त्यात कोरेगाव आणि अंबाजोगाईसोबत वरूड होता, तेव्हा इथल्या लोकांना कुदळ-फावडं घेऊन निघण्याचं नवल वाटलं नाही. संत्र्याच्या बागांनी भूजल खोल नेलेला हा तालुका. स्पर्धा पुढे ७५ तालुक्यांपर्यंत वाढली. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतून जलमित्र आले, वर्तमानपत्रांनी त्यांचे फोटो छापले. चर खोदले गेले, पाणी अडलं, आणि गावं एकत्र आली, हे सगळं आनंदाचं आहे. पण विहीर ज्याच्या शेतात आहे, पाणी त्याचं वाढलं. भूमिहीन मजूर बाईनं दिवसभर कामाला जाऊन संध्याकाळी दोन तास चर खोदला असेल, तर तिच्या वाट्याला काय आलं? वाढलेल्या ओलितामुळे पुढे मजुरीचे दिवस वाढले असतील तर तिलाही लाभ झाला, नसतील तर तिनं जमीनदाराला फुकट मजुरी दिली. घनमीटरमध्ये मोजलेल्या कामाच्या जोडीला हा हिशेब मांडला गेला असता तर श्रमदानाच्या चळवळीचंच भलं झालं असतं.

राष्ट्रीय सेवा योजनेचं थोडक्यात सांगतो. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ ला, ३७ विद्यापीठांत ती सुरू झाली. दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर असा तिचा साचा. अमेरिकेत १९९९ मध्ये झालेल्या एका अभ्यासात दिसलं की सेवा सक्तीची केली आणि विद्यार्थ्याला ती लादल्यासारखी वाटली, तर पुढे स्वतःहून सेवा करण्याची त्याची इच्छा घटते. आपल्या शिबिरांतून बाहेर पडलेली मुलं दहा वर्षांनी काय करतात, हे शोधणं अमरावती विद्यापीठाला सहज शक्य आहे. याद्या त्यांच्याकडेच आहेत.

ज्या समाजगटांची देण्याची स्वतःची शिस्त आहे त्यांच्याकडेही अभ्यासकांचं लक्ष कमी गेलं. मुसलमानांत जकातीचा अडीच टक्क्यांचा दंडक आहे. बाबासाहेबांनी १९५६ मध्ये नागपूरला अनुयायांना मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मासाठी देण्याचं आवाहन केलं. वऱ्हाडातली विहारं, वसतिगृहं, वाचनालयं, जयंतीचे कार्यक्रम या भावनेवर उभे आहेत, आणि देणाऱ्यांत शेतमजुरांपासून शाळामास्तरांपर्यंत सगळे आहेत. मे २०२० मध्ये अकोल्यात कोरोनानं गेलेल्यांच्या देहाला हात लावायला घरचे लोकही धजत नव्हते, तेव्हा कच्छी मेमन जमातीच्या कार्यकर्त्यांनी हिंदू मृतांनाही रीतीप्रमाणे अग्नी दिला. कुठल्या रकान्यात टाकाल ही सेवा? धार्मिक संस्थेची आहे म्हणून धार्मिक?

आणि शेवटी ती कामं, जिथे देणं कधीच संपत नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी स्वातंत्र्याच्या आगेमागे अमरावतीजवळच्या माळावर कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभं केलं. रुग्णांच्या हाताला शेती, विणकाम, सुतारकी दिली, त्यांच्या मालाला बाजार मिळवला. १९८० नंतर बहुविध औषधोपचार आले, कुष्ठरोग बरा होऊ लागला. समाजाला वाटलं, संपलं काम. पण बोटं गेलेली, घरानं टाकलेली माणसं म्हातारी होत होती आणि त्यांना पुढची वीस-तीस वर्षं जगायचं होतं. परतवाड्याजवळ वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी अंबादासपंत वैद्य बालगृहात शंभरावर बेवारस दिव्यांग मुलं वाढवली, त्यांना स्वतःचं आडनाव दिलं, त्यांच्या हातून डोंगरावर झाडं लावली. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. कायदा म्हणतो, अठरा वर्षं झाली की मूल बालगृहाबाहेर. बाबा वर्षानुवर्षं सरकारला विचारत आहेत की मतिमंद मुलगी अठराव्या वाढदिवसाला जाणार कुठे? वाढदिवसाचा केक घेऊन येणारे दाते वर्षभर मिळतात. चाळिशीतल्या दिव्यांग बाईची रात्रपाळी करणाऱ्या सेविकेचा पगार द्यायला फारसं कुणी पुढे येत नाही. कंपन्यांच्या दोन टक्के सामाजिक निधीचंही तेच. इमारत मिळते, यंत्र मिळतं, त्यावर पाटी लागते. माणसाच्या पगारासाठी कुणी पाटी लावत नाही.

म्हणून पुढची पाहणी वऱ्हाडात व्हावी आणि ती उलट्या बाजूनं सुरू व्हावी. अंजनगाव, मूर्तिजापूर, वरूड, पातूर, धारणी अशा वेगवेगळ्या तालुक्यांतली काही गावं घ्यावीत आणि वर्षातून तीनदा जावं: पेरणीच्या तोंडावर, दिवाळीनंतर, आणि उन्हाळ्यात लग्नसराई-सप्त्यांच्या काळात. दाता शोधण्याआधी त्या गावातली विधवा शेतकरीण, दिव्यांग मुलाची आई, भूमिहीन मजूर यांच्याकडे बसावं. गेल्या वर्षी अडचण केव्हा आली, कोण धावून आलं, काय आणलं, ते उपयोगी पडलं का, आणि त्याच वर्षात तुम्ही कुणासाठी काय केलंत, एवढं विचारावं. शेवटचा प्रश्न विसरू नये. आजारी शेजारणीचं पोर सांभाळणारी, बाळंतिणीच्या घरचं पाणी भरणारी, मयतीच्या घरी पिठलं-भाकरी नेणारी बाई आजवरच्या पाहण्यांत नोंदली गेलीच तर फक्त मदत घेणारी म्हणून.